हाबुसावा पद्धत

हाबुसावा गावातली पोरं हिरुमा तोकुजींना 'नऊवाजे' म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण हिरुमांना ते ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही असे. डिसेंबर ते मार्च रोज सकाळी बरोबर नऊ वाजता गावकचेरीच्या आवारातल्या लाल-पांढऱ्या खांबासमोर उभं राहायचं, बर्फ किती सेंटिमीटर साचलाय ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि फोनवरून प्रांताच्या कचेरीला कळवायचं, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. लग्नाच्या दिवशीही त्यांनी ते केलं होतं. वडील गेले त्या दिवशी काळे सुतकी कपडे घालून खांबासमोर उभे राहिले, आकडा कळवला आणि मग स्मशानाकडे निघाले. त्यांची बायको फुसाए पाहुण्यांना सांगायची, "मी ह्यांच्या आयुष्यात आले ती सव्वानऊला."

बर्फ मोजण्यात एवढं काय, असं डोंगराखालच्या माणसाला वाटेल. डोंगरात कोणाला वाटत नसे. हाबुसावाच्या खर्चातल्या दर शंभर येनांपैकी अकरा येन गावाच्या स्वतःच्या करांचे होते, बाकीचे एकोणनव्वद नमस्काराचे. गाव प्रांताला वाकायचं, प्रांत तोक्योला वाकायचा, आणि तोक्यो कोणाला वाकतं ते हाबुसावात कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रांताच्या अंदाजपत्रकात बर्फ हटवण्यासाठी एक हंडा वेगळा ठेवलेला असे. तो वसंतात एकदाच भरला जाई आणि नंतर आभाळातून काहीही पडलं तरी त्यात थेंबाची भर पडत नसे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ज्या पाच गावांत सर्वांत जास्त बर्फ मोजला जाई ती पहिल्या वर्गात जात. त्यांना रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या गाडीचा, चालकाचा आणि एकट्या म्हाताऱ्यांची छपरं साफ करणाऱ्या टोळीचा खर्च मिळे. डोंगरात गावं अकरा होती. उरलेल्या सहांना प्रांताच्या शुभेच्छा मिळत.

बारा वर्षांपूर्वी प्रांताने अकराही गावांच्या मोजणी करणाऱ्यांचा वर्ग भरवला होता, तेव्हा शिकवायला हिरुमांनाच बोलावलं होतं. त्या वर्गासाठी त्यांनी चार पानांची पुस्तिका लिहिली. तिच्या दुसऱ्या पानावर होतं: 'खांब मोकळ्या जागी असावा. वाऱ्याने बर्फ लोटला जाईल अथवा छपरावरचा बर्फ घसरून पडेल अशा जागी तो कदापि नसावा.' 'कदापि' हा शब्द घालावा की नाही यावर त्यांनी एक संध्याकाळ घालवली होती. वर्गात पहिल्या रांगेत मिनोकुरा गावचे ओबिनाता शिगेओ बसले होते. छापील पुस्तिका हातात असूनही त्यांनी सगळं पुन्हा वहीत उतरवून घेतलं. मिनोकुरा म्हणजे खिंडीच्या पलीकडचं गाव. ओबिनाता आणि हिरुमा खालच्या शहरातल्या शाळेत तीन वर्षं एका खोलीत राहिलेले. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले आणि दोघंही आता एकाच दिवशी, येत्या एकतीस मार्चला, निवृत्त होणार होते.

त्या वर्षी सम्राट वारले आणि शोवा चौसष्ट हे साल सातच दिवस टिकलं. आठव्या दिवसापासून हेइसेईचं पहिलं साल सुरू झालं आणि सगळ्या कचेरीला आपापल्या वह्यांतलं जुनं साल दुरुस्त करत बसावं लागलं. कचेरीत चूक खोडायची नसते. तिच्यावर दोन सरळ रेघा मारायच्या, वर बरोबर मजकूर लिहायचा आणि शेजारी आपल्या आडनावाचा तांदळाच्या दाण्याएवढा शिक्का मारायचा. त्यामुळे चूकही वाचता येते आणि ती कोणाची तेही. हिरुमांना ही पद्धत फार पसंत होती. त्यांच्या शिक्क्याची अक्षरं एकतीस वर्षांत जराही झिजली नव्हती. जानेवारीच्या त्या आठवड्यात तो पहिल्यांदा थोडा वापरला गेला, तोही स्वतःच्या चुकीसाठी नाही.

बर्फाचं मात्र काही खरं दिसत नव्हतं. जानेवारी अर्धा सरला तरी खांबावर अडतीस सेंटिमीटर. त्याच दिवसांत वरच्या ओकु वस्तीवर, नऊ किलोमीटर चढावर, बर्फ माणसाच्या छातीला लागत होता. पण खांब खाली कचेरीत होता, आणि कचेरी गावातल्या सर्वांत उन्हाच्या जागी बांधलेली होती. ओकु वस्तीत सहा म्हातारी माणसं उरली होती. गाव दुसऱ्या वर्गात गेलं असतं तर वरचा रस्ता साफ करणं बंद, आणि त्या सहांना वसंतापर्यंत गावच्या सभागृहात आणून ठेवायचं असं गावप्रमुख मुराकोशींनी ठरवलं होतं. हे सांगायला हिरुमांनाच वर पाठवलं गेलं.

किनु आजी त्र्याऐंशीची होती. तिने ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"न्यायला न्याल रे," ती म्हणाली. "वर आणायला कोण येईल? शिमोदांना असंच वसंतापर्यंत नेलं होतं. त्याला चार वसंत झाले. त्यांच्या घरात आता अस्वल राहतं. तेही काही घर झाडत नाही."

"आजी, सगळ्यांनाच परत आणू आम्ही."

"तू आणशील. पण तू एप्रिलमध्ये कचेरीत नसशील ना."

हिरुमा खाली आले आणि हे सगळं मुराकोशींना सांगितलं. मुराकोशी खुर्ची फिरवून खिडकीतून बाहेर बघत चहा पीत होते. गावप्रमुख होण्याआधी ते लाकडाचा व्यापार करत आणि सबंध वाक्य बोलून अडकायचं नसतं हे तिथे शिकले होते.

"हिरुमासान, व्यायामशाळेच्या उत्तरेला बर्फ छान टिकलाय, नाही? पोरांचा बर्फाचा बाहुला अजून उभा आहे."

"तिथे सावली असते, प्रमुखसाहेब."

"असते ना," मुराकोशी म्हणाले आणि चहा संपवला.

एवढंच बोलणं झालं. त्यात कोणाला काही सांगितलेलं नव्हतं आणि कोणी काही ऐकलेलंही नव्हतं.

बावीस जानेवारीला रविवार होता. सकाळी सात वाजता हिरुमा किटली घेऊन आवारात आले. खांबाच्या बुडाशी गोठलेल्या मातीत त्यांनी तीन किटल्या उकळतं पाणी ओतलं, खांब हलवून उपटला आणि खांद्यावरून व्यायामशाळेमागे नेला. व्यायामशाळा शाळेची असली तरी आवार कचेरीचंच होतं. नियमात 'कचेरीच्या आवारात' असंच लिहिलं होतं. ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर होतं. दुसरं पान त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून त्यांनी ते त्या दिवशी उघडलं नाही. शनिवारी थोडा बर्फ पडला होता, तेही बरंच झालं. नऊ वाजता खांबावर एकाहत्तर होते.

प्रांताच्या कचेरीत रविवारीही फोन उचलायला कोणीतरी बसे. त्या दिवशी निइत्सु नावाची मुलगी होती, नुकतीच नोकरीला लागलेली आणि प्रत्येक आकड्यावर काहीतरी बोलणारी. "एकाहत्तर," ती म्हणाली. "चला, हिरुमासान, तुमच्याकडे तरी हिवाळा आला."

"आला," हिरुमा म्हणाले.

आणखी एक गोष्ट ते करू लागले, आणि ती त्यांनी फुसाएलासुद्धा सांगितली नाही. नऊला पाच कमी असताना ते जुन्या जागी जात, खांबाच्या रिकाम्या भोकाशेजारी लाकडी पट्टी खुपसत आणि तो आकडा खिशातल्या डायरीत पेन्सिलीने लिहीत. मग व्यायामशाळेमागे जाऊन दुसरा आकडा वाचत आणि तो प्रांताला कळवत. असं का करतो, हे त्यांनी स्वतःला विचारलं असतं तर सवय म्हणून, असं उत्तर मिळालं असतं. एकतीस वर्षं माणूस रोज खरं लिहीत असला की ते एकदम सुटत नाही. हळूहळू सोडावं लागतं.

पंधरा फेब्रुवारीला वाटप जाहीर झालं. हाबुसावा, सरासरी एकशे अठरा, चौथा क्रमांक. मुराकोशींनी कचेरीत सगळ्यांना पावट्याच्या गोड सारणाचे लाडू वाटले आणि हिरुमांच्या बशीत दोन ठेवले. बर्फ लोटणारी गाडी दुपारीच ओकु वस्तीकडे गेली. हिरुमांनी यादी पाहिली ती वरून खाली, आपल्या नावापर्यंत. चौथ्या ओळीखाली आणखी सात ओळी होत्या. त्या त्यांनी वाचल्या नाहीत, कारण हंडा केवढा आहे हे त्यांना माहीत होतं आणि आपला वाटा कोणाच्या तरी ताटातून आला असणार हेही.

ते ताट कोणाचं हे वीस तारखेला, सोमवारी कळलं. साडेनऊच्या बसने ओबिनाता आले. हातात कापडात बांधलेला लाकडी डबा. डब्यात मिनोकुराचं धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं. ते लोक मुळा आधी चुलीवर टांगून धुरात वाळवतात आणि मग कोंड्यात मुरवतात. ओबिनातांनी कचेरीतल्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मग हिरुमांच्या टेबलाशी येऊन पुन्हा एकदा वाकले. ते जरा जास्तच वाकले.

"तोकु, मला मोजायला शिकव," ते म्हणाले.

"काय बोलतोस, शिगे."

"खरंच. गावसभेनं पाठवलंय. खिंडीच्या या अंगाला एकशे अठरा आणि त्या अंगाला चौऱ्याण्णव, ढग असा भेदभाव कसा करेल, म्हणाले. म्हणजे ढगाचं काही चुकलेलं नाही, ओबिनाताला मोजता येत नाही. महिना उरलाय, तेवढ्यात हाबुसावाला जाऊन शिकून ये." ते हसले. "मलाही वाटलं, असेल. डोळे हल्ली साथ देत नाहीत. पट्टीवरचा सहा मला कधी आठ दिसतो."

"तुमचा कितवा क्रमांक आला?"

"सहावा." ओबिनातांनी डबा टेबलावर ठेवला आणि त्याची गाठ सोडू लागले. "छपरांची टोळी बंद झाली. एकट्या म्हाताऱ्यांची तेवीस घरं आहेत. मी आणि पोस्टमन करतो रविवारी. पोस्टमन चांगला चढतो, उतरताना घाबरतो. तू काय खातोस, तोकु, एवढा पांढरा का पडलास?"

हिरुमांनी चहा मागवला. मग लोणच्याची चौकशी केली, कोंडा यंदा कुठून आणला ते विचारलं. मग ओबिनातांच्या मुलीची. मग दुसरा चहा मागवला. ओबिनातांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"अकराची बस आहे माझी. खांब दाखवतोस ना? पाहिल्याशिवाय गेलो तर विचारतील."

ओबिनाता आपणहून जुन्या जागेकडे निघाले, कारण वर्गाच्या वेळी प्रत्यक्ष मोजणी बघायला ते तिथे आले होते. तिथे भोक होतं आणि त्याच्याशेजारी पट्टीने पडलेल्या बारीक खाचा. "इकडे हलवलाय," हिरुमा म्हणाले आणि पुढे झाले. दोघांनी व्यायामशाळेला वळसा घातला. मागे बर्फाचा बाहुला होता, त्याच्या डोक्यावर कोणीतरी कचेरीची जुनी टोपी घातली होती. बाहुल्याच्या शेजारी खांब. आकडा एकशे एकोणपन्नास.

ओबिनाता वाकून आकडा वाचत असताना वर छपरावर काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला आणि बर्फाची एक लादी घसरत येऊन धप्पकन खांबाच्या बुडाशी पडली. बाहुल्याची टोपी उडाली. दोघांच्या कपड्यांवर बर्फ उडाला.

ओबिनातांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"एकशे एकसष्ट," ते म्हणाले.

त्यांनी छपराकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग हिरुमांच्या बुटांकडे. त्याच्या वर त्यांनी पाहिलं नाही. वही काढली होती ती न लिहिताच खिशात ठेवली. मग कमरेत वाकून नमस्कार केला, शिकवणाऱ्याला करतात तसा.

"शिकलो," ते म्हणाले.

"शिगे, थांब."

"बस चुकेल."

"तिकडे काय सांगशील?"

"सांगायचं काय? मला मोजता येत नाही, हे त्यांना पटलेलंच आहे. आता एका महिन्यासाठी ते कशाला बदलायचं?" ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर हिरुमांना त्या रात्री झोप लागली असती. ओबिनाता फाटकापाशी वळून म्हणाले, "लोणचं आज नको उघडूस. दोन दिवसांनी जास्त चांगलं लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरुमांनी खांब परत जुन्या जागी लावला. नऊ वाजता वाचला: त्रेसष्ट. मग टेबलाशी बसून खिशातली डायरी डाव्या हाताला ठेवली, नोंदवही उजव्या हाताला, आणि बावीस जानेवारीपासून वीस फेब्रुवारीपर्यंतच्या तीस आकड्यांवर दोन-दोन रेघा मारल्या. प्रत्येकावर डायरीतला आकडा लिहिला आणि प्रत्येकाशेजारी शिक्का मारला. तीस वेळा 'हिरुमा'. जानेवारीच्या पानावर वर शोवा खोडून हेइसेई केलेलं होतं, तिथेही त्यांचाच शिक्का होता. दोन्ही प्रकारचे शिक्के अगदी सारखे दिसत होते. साल बदललं ते आभाळाएवढ्या कारणाने. खालच्या तिसांचं कारण लिहायला रकाना नव्हता.

मग त्यांनी फोन केला. निइत्सुने आकडा दोनदा विचारला.

"काल एकशे एकोणपन्नास होते, हिरुमासान."

"आज त्रेसष्ट."

"म्हणजे वितळला?" तिच्या आवाजात आशा होती. "दक्षिणेचा वारा सुटला असेल. मी 'वितळला' लिहू?"

"वितळला नाही. पडलाच नव्हता."

पलीकडे मागे कोणीतरी खोकलं.

"तुमची निवृत्ती कधी आहे?" तिने हळू आवाजात विचारलं.

"एकतीस मार्च."

"आज एकवीस फेब्रुवारी."

"हो."

"प्रमुखसाहेबांना विचारलंत का?"

"नाही विचारलं."

"मग मी अर्ध्या तासाने फोन करते. तेवढ्यात विचारून घ्या. मी अजून काही ऐकलेलं नाही."

हिरुमांनी मुराकोशींना जाऊन सांगितलं. मुराकोशी खिडकीतून बाहेर बघत होते.

"हिरुमासान, मी तुम्हाला कधी काही सांगितलं होतं?"

"नाही, प्रमुखसाहेब."

"बाहुल्याबद्दल बोललो होतो."

"हो."

"बाहुला होता ना तिथे?"

"होता."

"मग झालं," मुराकोशी म्हणाले, आणि फोन वाजला तेव्हा उभे राहिले आणि निइत्सुच्या साहेबांशी बोलताना फोनला तीनदा वाकले.

हिरुमांची इच्छा होती की खिंड ओलांडून मिनोकुराच्या गावसभेत जावं आणि ओबिनाताला मोजता येतं एवढं सांगावं. मुराकोशी म्हणाले, गावाने गावाला काही सांगायचं नसतं. गावाने वर सांगायचं, मग ते वरून खाली जातं. हिरुमा "बरोबर आहे" म्हणाले. हे ऐकताना आपल्याला किती हलकं वाटलं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. पुढे बाकीच्या सगळ्या गोष्टींची लाज थोडीथोडी सवयीची झाली. त्या हलकं वाटण्याची कधी झाली नाही.

वर सांगितलेलं वरून खाली आलं ते असं. हाबुसावाचं अनुदान परत गेलं. मिनोकुराला ते मिळालं नाही, कारण वाटप एकदा झालं की त्या वर्षात बदलत नाही. पुढील वर्षी सहानुभूतीपूर्वक विचार होईल असं पत्र गेलं. परत आलेली रक्कम मार्चअखेर संपवणं भाग होतं, म्हणून प्रांताच्या कचेरीसमोरचा रस्ता खणून पुन्हा केला गेला. तो गेल्या मार्चमध्येही केला होता. आणि अकराही गावांना एक परिपत्रक गेलं: एका गावात खांब व्यायामशाळेच्या उत्तरेकडील छपराखाली लावल्याने आकडा सुमारे दुप्पट होतो असे आढळून आले आहे, तरी सर्वांनी आपापला खांब तपासावा. सोबत आकृती होती, बाणांसकट.

ओकु वस्तीतल्या सहा जणांना पंचवीस तारखेला खाली आणलं. किनु आजी गाठोडं मांडीवर घेऊन सभागृहातल्या शेगडीजवळ बसली होती. तिला सगळं कळलेलं होतं. सहा म्हाताऱ्यांना न कळणारी गोष्ट त्या गावात नव्हती. हिरुमा तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि वाकले.

"आजी, तुमच्यासाठी म्हणून केलं," असं ते म्हणणार होते, पण ते तोंडातून निघालं नाही. त्याऐवजी म्हणाले, "चुकलं."

"माझ्यासाठी केलंस म्हणतात."

किनु आजीने गाठोडं मांडीवर सारखं केलं.

"मग माझ्या दारात का नाही लावलास खांब?" तिने विचारलं. ती खरंच विचारत होती. "माझ्या दारात छातीएवढा होता. खोटं लिहायची गरजच नव्हती."

"नियमात कचेरीचं आवार आहे, आजी."

"नियम बदला म्हणून विचारलंत का कधी प्रांताला?"

हिरुमांनी आठवून पाहिलं. एकतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे कोणाला सुचलं नव्हतं. प्रांताकडे मागायला दर वर्षी लोक गेले होते, डबे घेऊन, वाकून, पण नेहमी थोडं जास्त द्या म्हणायला. मोजायचं कुठे हे कोणी विचारलं नव्हतं. न विचारता खांब उपटणं त्यांना विचारण्यापेक्षा सोपं वाटलं होतं.

"नाही विचारलं," ते म्हणाले.

"बरं," किनु आजी म्हणाली आणि गाठोडं सोडू लागली. पुढे मार्चच्या शेवटी ती आपल्या पायांनी वर गेली, कोणी न्यायची वाट न बघता. खाली टीव्ही चांगला दिसतो, एवढीच तक्रार तिने जाताना केली.

एकतीस मार्चला प्रांताचं मानपत्र आलं. ते जानेवारीतच छापून ठेवलेलं होतं आणि छापलेलं मानपत्र रद्द करण्याचा नमुना अर्ज कोणाकडे नव्हता. मुराकोशींनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: एकतीस वर्षे अचूक निरीक्षण करून. 'अचूक' शब्दावर ते अडखळले नाहीत. हिरुमांनी दोन्ही हातांनी मानपत्र घेतलं, वाकले आणि टाळ्या थांबल्या तरी वाकूनच राहिले. शेवटी कोणीतरी दार उघडलं तेव्हा वाऱ्याने कागद हलला आणि ते सरळ झाले.

घरी कट्ट्यावर ओबिनातांचा डबा होता. लोणचं संपलं होतं, म्हणजे फुसाएने संपवलं होतं. हिरुमांनी त्यातला एक तुकडाही खाल्ला नव्हता. डबा धुऊन पुसून महिनाभर तसाच होता.

"रिकामा नाही पाठवायचा," फुसाए म्हणाली. "बांबूचे कोंब देऊ?"

"त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगले येतात."

"लाडू?"

हिरुमांना मुराकोशींचे लाडू आठवले. "नको."

"मग मानपत्र घाला," फुसाए म्हणाली, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून आत निघून गेली.

अनुदान परत गेल्यावर बर्फाने बंद झालेली खिंड एप्रिलच्या आठ तारखेला उघडली. हिरुमा पहिल्या बसने मिनोकुराला गेले, मांडीवर रिकामा डबा घेऊन. ओबिनाता ओसरीवर बसले होते, उजवा हात गळ्यात बांधलेला.

"छपरावरून?" हिरुमांनी विचारलं.

"छपरावरून, पोस्टमनवर. त्याला जास्त लागलं. ये, आत ये."

आत चटईवर हिरुमा बसले, दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ चटईला लावलं. महिनाभर त्यांनी जे ठरवलं होतं ते सगळं सांगितलं: बाहुला, किटल्या, तीस आकडे, आणि खिंड ओलांडून आलो नाही तेही, कारण वरून नको म्हणाले आणि मला बरं वाटलं. बोलणं संपल्यावर ओबिनाता म्हणाले, "ऊठ आता. चहा निवतो."

"मी तुमच्या गावसभेत येऊन सांगतो, शिगे. आता मी कचेरीचा कोणी नाही. मला कोणी अडवू शकत नाही."

"आता नको. आता उलटंच होईल."

"का?"

ओबिनातांनी डाव्या हाताने कप उचलला. "ते परिपत्रक आलं ना, आकृतीसकट? आमच्या सभेनं नीट वाचलं. आमचीही व्यायामशाळा आहे, उत्तरेला छप्परही आहे. गेल्या आठवड्यात खांब तिथे हलवला. नऊ गावांनी हलवलाय म्हणतात. दहावं फक्त तुमचं राहिलं, तुम्ही परत आणलात म्हणून. अकराव्याला व्यायामशाळा नाही, ते बांधायला अनुदान मागतायत."

"तू काही बोलला नाहीस?"

"बोललो की. दुसरं पान वाचून दाखवलं, 'कदापि'सकट. ते म्हणाले, तुला मोजता येत नाही."

हिरुमा खाली बघत होते. "हंडा तर तेवढाच आहे," ते म्हणाले.

"हंडा तेवढाच. सगळे पुन्हा होते तिथेच. फक्त बर्फ वाढेल." पुढचं सांगावं की नाही हे ओबिनातांना ठरवता येत नव्हतं, आणि ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "नावही पडलंय त्याला. सभेच्या ठरावात तसंच लिहिलं. हाबुसावा पद्धत."

बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. हिरुमांनी चहा संपवला, कारण तो समोर होता.

निघताना ओबिनातांच्या बायकोने कापडात बांधलेला डबा हातात दिला. तो जड होता आणि त्याला धुराचा वास येत होता.

"वहिनी, मी रिकामा आणला होता," हिरुमा म्हणाले.

"दिसलं ना," ती म्हणाली. "म्हणून भरला."

बसमध्ये त्यांनी डबा मांडीवर धरला, दोन्ही हातांनी, मानपत्र धरलं होतं तसा. बस मिनोकुराच्या शाळेपाशी वळली. हिरुमांनी उजवीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. खांब कुठे उभा असेल ते साऱ्या डोंगरात सगळ्यांत आधी त्यांनाच ठाऊक झालं होतं.